भिंतीवर कबुतर काढून भांडण मिटत नाही

वस्तीत दगडफेक होते, चार दिवस दुकानं बंद राहतात, मग शांतता समितीची बैठक भरते. कोणीतरी सुचवतं, चौकातली भिंत रंगवू या. आठवड्याभरात भिंतीवर पांढरं कबुतर, निळी पृथ्वी आणि चार धर्मांचे कपडे घातलेली चार मुलं हातात हात घालून उभी राहतात. फीत कापली जाते, फोटो निघतात. सहा महिन्यांनी त्या भिंतीखाली कचऱ्याचा ढीग असतो आणि दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना पूर्वीइतकीच टाळत असतात.

यात चित्रकाराची चूक कमी, क्रमाची जास्त. त्या चित्रात भांडण आलेलंच नसतं. ते कुठल्याही गावात, कुठल्याही भिंतीवर चाललं असतं, म्हणून ते या गल्लीतल्या कोणाचंच नसतं. सार्वजनिक चित्रांनी जगात जिथे जिथे दोन गटांमधला अबोला खरोखर मोडला, तिथे रंगाचा डबा उघडण्याआधी कित्येक महिने बोलणं झालेलं दिसतं. कधी कधी कडाक्याचं भांडणही.

मग नुसती चर्चाच का नको? कारण ‘सलोख्यावर बोलू या’ म्हटलं की फार तर नेहमीचे दहा सज्जन येतात. ‘तुमच्या दारासमोरच्या भिंतीवर काय काढायचं ते ठरवतोय’ म्हटलं की ज्यांचा सलोख्याला विरोध आहे तेही येतात, कारण नको ते काढलं जाईल ही धास्ती असते. भिंत सगळ्यांना रोज दिसते आणि एकदा रंगवली की वर्षानुवर्षं दिसत राहते. त्यामुळे ‘इथे काय दिसावं’ या प्रश्नात ‘इथे काय झालं, कोणाचं चुकलं, ही जागा कोणाची’ हे सगळे प्रश्न आपोआप येतात. फक्त ते आरोपाच्या नाही, आकार आणि रंगांच्या भाषेत येतात, म्हणून सोसवतात.

फिलाडेल्फिया: हातांचं चित्र

या कामाची सगळ्यात पक्की पद्धत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात तयार झाली. १९८४ साली तिथल्या महापालिकेने भिंती खराब करणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी ‘अँटी-ग्राफिटी नेटवर्क’ नावाचा उपक्रम सुरू केला. चित्रकार जेन गोल्डन त्यात आल्या आणि पोरांना शिक्षा करण्याऐवजी त्यांच्याच हातात ब्रश देऊ लागल्या. १९९६ पासून त्याचंच ‘म्युरल आर्ट्स प्रोग्राम’ झालं. आजवर शहरात चार हजारांच्या आसपास भित्तिचित्रं झाली आहेत. त्यातली बरीचशी निव्वळ शोभेची आहेत, हे मान्य करायला हरकत नाही. पण काही तशी नाहीत.

१९९७ साली दक्षिण फिलाडेल्फियातल्या ग्रेज फेरी भागात वातावरण फार बिघडलं होतं. फेब्रुवारीत गोऱ्या तरुणांच्या घोळक्याने एका कृष्णवर्णीय कुटुंबावर हल्ला केला. पुढच्याच महिन्यात दुकानातल्या दरोड्यात एक गोरा मुलगा मारला गेला आणि संशयित कृष्णवर्णीय होते. मोर्चे निघाले, राष्ट्रीय पातळीवरचे नेते येऊन गेले. गोल्डन आणि पीटर पॅगस्ट यांनी त्याच वर्षी तिथे ‘पीस वॉल’ रंगवली. चित्र काय, तर वेगवेगळ्या वर्णांचे, वयांचे मोठाले हात एकमेकांवर ठेवलेले. बस, एवढंच. ते हात मनातून काढलेले नाहीत, तिथल्या रहिवाशांच्या हातांचे फोटो काढून त्यावरून रंगवलेले आहेत.

हात एकत्र दाखवणं ही तशी गुळगुळीत कल्पना. मग हे चित्र कबुतराच्या जातीत का मोडत नाही? फोटो काढण्याची क्रिया पाहा. गोऱ्या शेजाऱ्याच्या हातावर कृष्णवर्णीय शेजारणीने हात ठेवून तो काही मिनिटं तसाच ठेवायचा आहे, प्रकाश नीट येईपर्यंत. हे करायला माणसं तयार होणं, हेच खरं काम. शिवाय चेहरा नसल्यामुळे ‘त्याला घेतलं, मला का नाही’ हा वाद उरत नाही. आणि ज्याचा हात भिंतीवर आहे तो त्या भिंतीची राखण करतो.

तुरुंगातून भिंतीपर्यंत पोचलेलं कापड

फिलाडेल्फियातली दुसरी गोष्ट तंत्राची आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तंत्र बदललं की कोण सहभागी होऊ शकतं हेही बदलतं.

थेट भिंतीवर चित्र काढायचं तर परांचीवर चढावं लागतं, उन्हात उभं राहावं लागतं आणि मुख्य म्हणजे त्या भिंतीपाशी यावं लागतं. म्हातारी माणसं, लहान मुलं, ‘त्या’ गल्लीत पाय ठेवायला घाबरणाऱ्या बायका, सगळे बाद होतात. म्हणून तिथे चित्र कापडावर रंगवतात. त्याला ते ‘पॅराशूट क्लॉथ’ म्हणतात, पण हवाई छत्रीशी त्याचा संबंध नाही. ते न विणलेलं पातळ पॉलिएस्टर असतं, आपल्याकडे शिंपी कॉलर-कफात अस्तर म्हणून घालतात त्या जातीचं. पाच फूट बाय पाच फुटांचे तुकडे कापतात. मूळ चित्रावर चौकटी आखून एकेका चौकटीची बाह्यरेषा एकेका तुकड्यावर उतरवतात. प्रत्येक भागात आकडा लिहितात, रंगाच्या बरण्यांवर तेच आकडे. सतरा नंबरच्या जागी सतरा नंबरचा रंग, इतकं सोपं. ब्रश कधी हातात न धरलेला माणूसही हे करू शकतो. कडा आणि सावल्या शेवटी चित्रकार नीट करतो. मग भिंतीवर आणि कापडाच्या पाठीला ॲक्रिलिक जेल लावून तुकडे चिकटवतात आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे हवा काढतात. जेल आणि रंग दोन्ही ॲक्रिलिकच असल्यामुळे कापड भिंतीशी एकजीव होतं, दोन हातांवरून पाहिलं तरी सांधा कळत नाही.

याच पद्धतीमुळे शहराबाहेरच्या ग्रेटरफर्ड तुरुंगातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना काम करता आलं. ते भिंतीपर्यंत येऊ शकत नव्हते, कापड त्यांच्यापर्यंत गेलं. २००४ साली पूर्ण झालेल्या ‘हीलिंग वॉल्स’ या प्रकल्पात एका बाजूला हे कैदी होते आणि दुसऱ्या बाजूला गुन्ह्यांत घरातलं माणूस गमावलेली कुटुंबं. ही कुटुंबं तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर बसली. तिथे जे झालं त्याला सलोखा म्हणणं फार घाईचं होईल. पश्चात्ताप कसा दाखवायचा, क्षमा मागायची की मागायचीच नाही, चित्रात कोण मोठं दिसणार, यावर जोरदार मतभेद झाले. अखेर जर्मनटाउन ॲव्हेन्यूवर एकमेकांजवळ दोन वेगळी चित्रं झाली: एकात पीडितांचा प्रवास, दुसऱ्यात कैद्यांचा. चित्रकार होते सेझार व्हिवेरोस आणि पॅरिस स्टॅन्सेल.

आमच्या मते या प्रकल्पाचं यश त्या ‘दोन’मध्ये आहे. ओढूनताणून एकच चित्र केलं असतं तर कोणाला तरी आपलं दुःख गिळावं लागलं असतं. एकमत झालं नाही तर तेही भिंतीवर दाखवता येतं. आयोजकांना मात्र हे फार जड जातं, कारण अहवालात ‘दोन्ही गट एकत्र आले’ हे वाक्य हवं असतं.

उत्तर आयर्लंड: आधीचं चित्र पुसायचं असेल तर

फिलाडेल्फियात भिंती कोऱ्या होत्या. बेलफास्ट आणि डेरी या शहरांत त्या आधीच भरलेल्या होत्या. ब्रिटनसोबत राहू पाहणारे प्रोटेस्टंट आणि एकसंध आयर्लंड मागणारे कॅथलिक, दोघांच्याही वस्त्यांत भिंतींवर आपापले राजे, हुतात्मे, झेंडे आणि बुरखाधारी बंदूकवाले. प्रोटेस्टंट बाजूला ही परंपरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची; कॅथलिक बाजूला ती १९८१ च्या तुरुंगातल्या उपोषणांनंतर फोफावली. ही चित्रं शोभेची नव्हती. ‘इथून पुढे कोणाची हद्द आहे’ हे येणाऱ्याला सांगायला होती.

१९९८ च्या शांतता करारानंतरही बंदुका भिंतींवर राहिल्याच. २००६ साली तिथल्या कला परिषदेने ‘री-इमेजिंग कम्युनिटीज’ हा कार्यक्रम काढला, सुरुवातीचा निधी ३३ लाख पौंड. अट अशी की वस्तीने स्वतःहून पुढे यायचं. वरून आदेश देऊन चित्र पुसायचं नाही. हे शहाणपणाचं होतं. भिंत ज्यांच्या धाकात असते त्यांना वगळून ती पांढरी केली, तर रातोरात तिथे दुप्पट मोठी बंदूक उगवते.

पुसलेल्याच्या जागी काय काढायचं, हा खरा पेच. बेलफास्टच्या लोअर शँकिल भागात एका भिंतीवर आता ‘गोल्ड रश’ नावाचं चित्र आहे. १९६९ च्या जुलैत तिथली जुनी घरं पाडताना पोरांना ढिगाऱ्यात सोन्याची नाणी सापडली आणि सगळी गल्ली खणायला धावली, तो प्रसंग. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तो आठवत होता, तो त्यांचाच होता, आणि त्यात शत्रू कोणीच नव्हता. असा प्रसंग बहुतेक वस्त्यांत एखादा तरी असतो: पूर, गिरणीचा संप, विहिरीवरची रांग, एखादी गाजलेली कुस्ती. तो शोधायला मात्र पन्नास घरांत चहा प्यावा लागतो. याच कार्यक्रमातली बाकीची काही चित्रं इतकी निरुपद्रवी झाली की लोकांना ती परकी वाटली, आणि ‘आमचा इतिहास पुसला’ अशी तक्रार आली. ती तक्रार पूर्ण खोटी नव्हती.

डेरीच्या बॉगसाइड भागात तीन स्थानिक चित्रकारांनी वेगळी वाट धरली. १९७१ साली गोळीबारात सापडून मेलेल्या चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचं मोठं चित्र त्यांनी १९९९ मध्ये काढलं. मागे पडझड झालेलं घर, बाजूला उलटी उभी बंदूक, डोक्याजवळ फुलपाखरू. फुलपाखरू त्यांनी नुसतं रेषेत सोडलं, रंग भरला नाही. शांतता खरंच टिकते आहे असं वाटेपर्यंत भरायचा नाही, असं ठरलं होतं. २००६ मध्ये त्यांनी पुन्हा परांची बांधली, बंदूक मोडलेली दाखवली आणि फुलपाखरात रंग भरले. भित्तिचित्र एकदाच पूर्ण होतं हा समज त्यांनी मोडला. एखादा भाग मुद्दाम अपुरा ठेवणं आणि तो कधी भरायचा याची अट सगळ्यांसमोर ठरवणं, ही युक्ती उचलण्यासारखी आहे. लोकांना पुन्हा जमायला कारण मिळतं.

चित्र टिकलंच पाहिजे असंही नाही. त्याच डेरीत २०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकन कलाकार डेव्हिड बेस्ट यांनी स्थानिक तरुणांना घेऊन लाकडाचं मोठं नक्षीदार मंदिर उभारलं. लोकांनी आठवडाभर आत येऊन आपली दुःखं, मेलेल्यांची नावं लाकडावर लिहिली, चिठ्ठ्या ठेवल्या, आणि मग ते जाळलं. तिथे दर उन्हाळ्यात दोन्ही गट एकमेकांना डिवचायला मोठाल्या होळ्या पेटवतात. पेटवण्याची सवय तीच ठेवली, पेटवण्याचं कारण बदललं.

आपल्याकडे करायचं तर

सुरुवात माणसांपासून. इथे भिवंडीचा अनुभव कामाचा आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या बांधल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली, आणि तंटा नसतानाही बैठका चालू ठेवल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यात चित्र कुठेच नव्हतं, पण भिंतीसाठी जी समिती लागते ती नेमकी अशीच लागते: नऊ ते अकरा जण, त्यात रिक्षावाला, शिक्षिका, किराणा दुकानदार, अंगणवाडी ताई, दोन-तीन तरुण. नगरसेवकाला कळवा, उद्घाटनाला बोलवा, समितीत मात्र घेऊ नका. एक घेतला की दुसरा पक्ष बाहेरून विरोध करणार.

भिंत निवडताना दोन्ही बाजूंचे लोक रोज जिच्यावरून जातात ती बघा. बसथांबा, रेशन दुकान, शाळेची मागची भिंत, पाण्याची टाकी. देवळाची, मशिदीची, बुद्धविहाराची भिंत कितीही चांगली असली तरी नको. ती आधीच कोणाची तरी आहे. बाल्कन्या किंवा झाडाच्या फांद्या निम्म्या भिंतीवर येत असतील तर तीही सोडा.

परवानगी लेखीच घ्या. भिंतीच्या मालकाचं ना हरकत पत्र, सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि महापालिका किंवा नगरपालिकेची मंजुरी. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ नुसार लोकांना दिसणाऱ्या जागेवर स्थानिक संस्थेच्या परवानगीशिवाय लिहिणं-रंगवणं गुन्हा ठरू शकतं. हेतू चांगला होता, हा बचाव तिथे उपयोगी पडत नाही. अर्जासोबत कच्चं चित्र जोडायला सांगतात. ते बैठकांआधीच जोडलं तर बैठकांना अर्थ राहत नाही. म्हणून आधी जागेची तत्त्वतः मंजुरी मागा आणि चित्र नंतर देऊ असं अर्जातच लिहा. निवडणुकीच्या तारखा पाहून घ्या. आचारसंहितेच्या काळात भिंतीवर माणसाचा चेहरा किंवा पक्षाच्या रंगाशी जुळणारा पट्टा दिसला तर कोणीतरी तक्रार करतंच.

वेळापत्रक पावसाळ्यावर बांधा. बैठका जून ते सप्टेंबर, रंग दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. याचा एक फुकटचा फायदा असा की ऑगस्टमध्ये भिंत कुठे ओली होते ते डोळ्यांनी दिसतं. त्या जागांचे फोटो काढून ठेवा, उन्हाळ्यात ती भिंत कोरडी ठणठणीत दिसते आणि फसवते.

बैठका

पहिल्याच दिवशी सगळ्यांना एका सभागृहात बसवणं ही सर्रास होणारी चूक. माणसं गटागटाने बसतात, दोघे-तिघे भाषणं करतात, बाकीचे घड्याळ बघतात. आधी दोन्ही गटांच्या वेगवेगळ्या बैठका घ्या, दहा-बारा जणांच्या, दीड तासाच्या, किमान दोन-दोन. बायकांची एक स्वतंत्र, दुपारी, कोणाच्या तरी घरात. संध्याकाळी सभागृहात बोलावलं तर त्या येत नाहीत आणि मग ‘बायकांना रस नव्हता’ असं लिहिलं जातं. त्यानंतर एकत्र बैठक, पाच-सहा जणांच्या मिश्र टेबलांवर.

प्रश्न कोणता विचारता यावर सगळं ठरतं. ‘तुम्हाला काय बघायला आवडेल?’ असं विचारलं की उत्तर येतं: झाडं, फुलपाखरं, शिवाजी महाराज, कबुतर. त्याऐवजी असं विचारा: इथे तीस वर्षांपूर्वी काय होतं जे आता नाही? या भागात कोणाचं काम कधीच कोणी बोलून दाखवत नाही? बाहेरची माणसं आपल्या वस्तीबद्दल काय चुकीचं बोलतात? त्या चार दिवसांत कोणी कोणाला मदत केली? शेवटचा प्रश्न आला की बहुधा शांतता पसरते आणि मग गोष्टी बाहेर पडतात. ज्याने शेजाऱ्याला घरात लपवलं त्याचं नाव भिंतीवर लगेच घालायला जाऊ नका. त्याच्याच माणसांना ते रुचलेलं नसतं. त्याच्या परवानगीशिवाय ती गोष्ट बैठकीबाहेर जाता कामा नये.

लोकांना जुने फोटो आणायला सांगा आणि तिथेच मोबाइलने कॉपी करून मूळ फोटो लगेच परत द्या. ‘नंतर देतो’ म्हणून नेलेला लग्नाचा फोटो हरवला की एक अख्खं घराणं तुमच्या विरोधात जातं.

समितीत एक नियम आधीच लिहून ठेवा: प्रत्येक गटाला कुठल्याही एका गोष्टीवर नकाराधिकार, पण कारण सांगून. कारण सांगण्याची अट महत्त्वाची. ‘हिरवा नको’ किंवा ‘भगवा नको’ एवढं म्हणणारा माणूस कारण सांगू लागला की खरं दुखणं बाहेर येतं, आणि पुष्कळदा ते रंगाचं नसतंच. दुसरा गट फक्त ऐकतो, त्या बैठकीत उत्तर देत नाही. उत्तर पुढच्या बैठकीत.

देवांच्या चित्रांबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. थुंकणाऱ्यांना रोखायला भिंतीवर देवांच्या टाइल्स लावायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि सर्वधर्मसमभाव म्हणून त्यात सगळ्यांची प्रतीकं ओळीने बसवतात. ओळ आली की पहिला कोण, कोणाची टाइल किती मोठी, हा वाद आलाच. एक टाइल फुटली, मग ती बॉल लागून फुटलेली का असेना, की पोलीस बोलवायची वेळ येते. शांततेसाठी केलेल्या भिंतीवर हा दारूगोळा ठेवू नका. मेलेल्यांचे चेहरेही, घरच्यांची लेखी संमती आणि दुसऱ्या गटाशी बोलणं झाल्याशिवाय नकोत.

कच्चं चित्र तयार झालं की त्याची मोठी प्रिंट तीन ठिकाणी दोन आठवडे लावा, खाली कोरी वही आणि पेन बांधून. वहीत शिव्या येतील, येऊ द्या. ज्याने सगळ्यात तिखट लिहिलंय तो कोण हे वस्तीला माहीत असतंच. चित्रकाराने त्याच्याकडे स्वतः जावं. हा टप्पा गाळला तर तोच माणूस उद्घाटनानंतर पहिल्या आठवड्यात काळ्या रंगाचा डबा घेऊन येतो.

भिंत आणि रंग

समजा भिंत चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच आहे, म्हणजे चारशे चौरस फूट. गिलावा नवा असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या. जुना असेल तर बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथला गिलावा काढून नव्याने करा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर भिंतीत ओल आहे. तशीच रंगवली तर वर्षभरात पांढरे क्षार फुटतात आणि पोपडे निघतात, आणि मग लोक ‘चित्र सोललं’ याचेही नको ते अर्थ लावतात.

बाहेरच्या कामाचा प्रायमर एका हातासाठी साधारण चार-पाच लिटर लागतो. पार्श्वभूमीचा एक्स्टिरिअर ॲक्रिलिक इमल्शन दोन हातांना आठेक लिटर, चित्राच्या वीस-पंचवीस छटा अर्धा ते एक लिटर प्रत्येकी, आणि वरचा पारदर्शक थर दोन हातांना सहा-सात लिटर. खडबडीत भिंत यापेक्षा जास्त पिते. लाल आणि पिवळ्याचे भडक स्वस्त रंग उन्हात आधी उडतात. गेरू, पिवळी माती यांसारख्या लोहयुक्त रंगांच्या छटा खूप टिकतात, त्यामुळे चित्राचा मुख्य भार त्यांच्यावर ठेवा. जमिनीपासून तीन फुटांचा पट्टा गडद आणि साधा ठेवा. तिथे गाड्या घासतात, माणसं टेकतात, पानाच्या पिचकाऱ्या पडतात. चेहरे आणि नावं त्याच्या वर.

कापडाची पद्धत वापरली तर पाच बाय पाचचे सोळा तुकडे होतात. चारपाच जास्त घ्या. ते शाळेत, समाजमंदिरात, वृद्धाश्रमात, कुठेही रंगवता येतात. थेट भिंतीवर काम असेल तर एका वेळी बारापेक्षा जास्त हौशी माणसं नकोत, दोन जाणकार हवेतच. रंगाचा एक डबा दोघांत, आणि ते दोघे वेगवेगळ्या बाजूंचे. दोन तास एकाच डब्यात ब्रश बुडवताना ‘जरा सरकव’ तरी म्हणावं लागतंच. आठ फुटांच्या वर फक्त सुरक्षा पट्टा लावलेले सराईत लोक. परांची भाड्याने घेताना बांबूचे जोड स्वतः हलवून बघा.

रंगवण्याला दोन-तीन आठवडे पुरतात. बैठकांना चार महिने लागतात. पैसे देणाऱ्याला हे प्रमाण उलटं हवं असतं, कारण बैठकीचा फोटो चांगला येत नाही. तिथे नमतं घेतलं तर काम सुरूच करू नये असं आमचं मत. जिथे पीडितांना भरपाई मिळालेली नाही, खटले उभे राहिलेले नाहीत, तिथेही थांबावं. न्याय मागणाऱ्याला चित्र दिलं तर तो त्याचा अपमान समजतो, आणि बरोबरच समजतो.

नंतरचं

फीत कापून झाल्यावर कोण काय करणार, हे रंगाआधी लिहून ठेवावं. एकूण खर्चाच्या दहा टक्के डागडुजीला बाजूला काढा. कोणी विद्रूप केलं तर ४८ तासांत दुरुस्त व्हायला हवं. जितका वेळ ते तसं दिसतं तितक्या त्याच्या गोष्टी वाढतात. दुरुस्तीला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हवा. फक्त एकाच बाजूने पुसलं तर ते आरोपासारखं दिसतं.

काम साधलं की नाही हे किती लोकांनी सेल्फी काढले यावरून कळत नाही. सहा महिन्यांनी समितीने चित्र सोडून दुसरं काही एकत्र केलं का, नळाच्या वेळा, गटार, क्रिकेटचे सामने, हे बघा. अफवा उठली तेव्हा कोणी कोणाला फोन केला हे विचारा. एकही फोन झाला नसेल तर भिंत चांगली दिसते, इतकंच.

बाहेरचा ॲक्रिलिक रंग आपल्या उन्हापावसात सात-आठ वर्षं बरा राहतो. त्यानंतर तेच चित्र पुन्हा रंगवायचं की नवं काढायचं, हा निर्णय त्या वेळच्या लोकांचा. त्यासाठी पाचव्या वर्षी बैठक बोलवायची असं पहिल्याच ठरावात घाला. उरलेले रंग हवाबंद डब्यांत, आकडे लिहून, सावलीत ठेवा. छटांची यादी, कंपनीचे कोड आणि चित्राची मूळ फाइल यांच्या दोन प्रती करा. एक प्रत एका बाजूच्या घरात, एक दुसऱ्या बाजूच्या. आणि रंगांचे डबे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे यादी ठेवू नका.